सणांच्या खेळांतून लहान मुलांना स्पॅनिश : घरच्या घरी सुरुवात कशी करायची

लहान मुलाला परकी भाषा शिकवायची म्हटलं की पहिली धाव शब्दांच्या तक्त्याकडे जाते. दहा रंग, दहा फळं, दहा प्राणी. मूल आठवड्याभरात ते घडाघडा म्हणतं आणि महिन्याभरात विसरतं, कारण त्या शब्दांचं त्याला काही काम पडलेलं नसतं. ‘आमारियो’ म्हणजे पिवळा हे पाठ आहे, पण पिवळी वस्तू कुणाकडे मागायची वेळच येत नाही.

सण इथे उपयोगी पडतो. सणात एकच कृती अनेकदा करायची असते आणि तरी तिचा कंटाळा येत नाही. दार वाजवायचं, जागा आहे का विचारायचं, नकार ऐकायचा, पुढच्या दाराशी जायचं. बारा ठोके पडतात म्हणून बारा वेळा मोजायचं. आपल्याला जी उजळणी वाटते, तो मुलासाठी खेळाचा नियम असतो. म्हणून या लेखात माझा आग्रह दोनच गोष्टींचा आहे : एका सणामागे चार वाक्यं घ्यायची, चाळीस शब्द नाहीत, आणि आधी खेळ, पुस्तक त्यानंतर.

हे सगळं साधारण तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहे. तुम्हाला स्वतःला स्पॅनिश येत नसली तरी चालेल. मुलाच्या दोन आठवडे पुढे राहिलात तरी पुरे.

पहिली पायरी : आधी तुमची जीभ

मराठी बोलणाऱ्याला स्पॅनिश उच्चार बरेच सोपे जातात. ‘त’ आणि ‘द’ हे दातांना जीभ लावूनच म्हणायचे. ‘ट’ आणि ‘ड’ इथे नाहीतच. ‘प’, ‘त’, ‘क’ यांच्यामागे हवेचा झोत सोडायचा नाही. स्वर पाचच, आ, ए, इ, ओ, उ, आणि ते कुठेही आले तरी तेच राहतात. ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलत नाही. या लेखात मी स्पॅनिश शब्द देवनागरीत दिले आहेत ते वाचायला सोपे जावेत म्हणून; एखादी वेलांटी दीर्घ दिसली तर ती ताणू नका.

अडतं ते चार-पाच ठिकाणी. ‘एच’ अक्षर मुकं असतं. ‘व्ही’ लिहिलेलं असलं तरी उच्चार ‘ब’च, म्हणून द्राक्षं ‘ऊबास’, ‘ऊवास’ नव्हे. ‘जे’ अक्षराचा आवाज ख आणि ह यांच्या मधला, घसा घासून येणारा : लाल म्हणजे ‘रोखो’. दोन ‘एल’ जोडून आले की बहुतेक ठिकाणी ‘य’ : तारा म्हणजे ‘एस्त्रेया’. डोक्यावर नागमोडी रेघ असलेला ‘एन’ म्हणजे ‘न्य’. ही रेघ शुभेच्छापत्रावर विसरू नका. ‘आन्यो’ म्हणजे वर्ष. रेघ गाळली तर नव्या वर्षाऐवजी शरीराच्या भलत्याच भागाला शुभेच्छा जातात.

शब्दाच्या सुरुवातीचा आणि जोडून आलेला ‘आर’ जीभ थरथरवून म्हणायचा असतो. स्पॅनिश घरांतल्या मुलांनाही तो उशिरा जमतो, त्यामुळे त्यावर अडून बसायचं कारण नाही.

आघाताचा नियम मात्र एकदा समजून घ्या. शब्द स्वराने, ‘एन’ने किंवा ‘एस’ने संपत असेल तर आघात, म्हणजे जोर, शब्दाच्या शेवटून दुसऱ्या तुकड्यावर : सा-पा-तो, का-मे-यो. इतर अक्षराने संपत असेल तर शेवटच्यावर. नियम मोडणाऱ्या शब्दाच्या त्या स्वरावर तिरकी रेघ छापलेलीच असते. एवढं कळलं की स्पॅनिश पुस्तक अर्थ न कळताही मोठ्याने वाचता येतं, आणि मुलाला वाचून दाखवणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

दुसरी पायरी : कुठली स्पॅनिश?

स्पॅनिश वीस देशांची अधिकृत भाषा आहे आणि प्रत्येक ठिकाणचा बाज वेगळा. स्पेनच्या बहुतेक भागात ‘झेड’ अक्षर आणि ‘ए’, ‘इ’ यांच्या आधीचं ‘सी’ अक्षर जीभ दातांमध्ये ठेवून उच्चारतात. लॅटिन अमेरिकेत सरळ ‘स’ म्हणतात. मी इथे ‘स’ धरला आहे. तुम्ही ऐकण्यासाठी जी ध्वनिमुद्रणं निवडाल त्यांचाच बाज घ्या आणि निदान पहिलं वर्ष तो बदलू नका. मेक्सिकोतला वाढदिवसाचा केक ‘पास्तेल’, स्पेनमध्ये तोच ‘तार्ता’, दक्षिण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ‘तोर्ता’. आणि मेक्सिकोत ‘तोर्ता’ मागितलात तर भरलेला पाव येतो. मोठ्या माणसाला यात गंमत वाटते, चार वर्षांच्या मुलाचा नुसता गोंधळ होतो.

तिसरी पायरी : खेळाची भाषा आधी

कुठलाही सण निवडण्याआधी खेळ चालू ठेवणारी काही वाक्यं पक्की करा. ती प्रत्येक खेळात लागतात, त्यामुळे सणाच्या शब्दांपेक्षा लवकर रुजतात.

‘मे तोका’ : माझी पाळी. ‘ते तोका’ : तुझी पाळी. ‘ओत्रा बेस’ : पुन्हा एकदा. ‘दामे’ : मला दे. ‘मीरा’ : बघ. ‘यो सी’ आणि ‘यो नो’ : मी हो, मी नाही. आणि ‘त्राम्पा!’ म्हणजे लबाडी. हा शेवटचा शब्द मुलं सर्वांत आधी उचलतात.

पहिले काही दिवस मुलाने काहीच बोलायचं नाही, फक्त करायचं. तुम्ही म्हणा ‘साल्ता’ आणि स्वतः उडी मारा. ‘कोर्रे’ म्हणा आणि धावा. ‘बुस्का’ म्हणा आणि काहीतरी शोधायला लागा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात मांडलेली ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ पद्धत हीच : आज्ञा ऐकायची आणि शरीराने उत्तर द्यायचं. लहान मुलांच्या बाबतीत ती छान चालते, कारण न बोलताही समजल्याचं दाखवता येतं. मराठी अर्थ सांगायची घाई करू नका. कृतीतून कळलेल्या शब्दाला भाषांतर लागत नाही.

चौथी पायरी : सण निवडा

वर्षभराची यादी मोठी आहे. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कार्नाबाल येतो. मुखवटे घालून ‘किएन सोइ?’ म्हणजे ‘मी कोण?’ हा खेळ त्यात आपसूक बसतो. २३ एप्रिल हा पुस्तकदिन. स्पेनच्या कातालुन्या प्रांतात त्या दिवशी एकमेकांना गुलाब आणि पुस्तक देतात. ३० एप्रिलला मेक्सिकोत बालदिन असतो. ५ मे हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन असल्याचं पुष्कळ ठिकाणी छापलेलं दिसतं, ते चूक आहे. तो १८६२ च्या पुएब्लाच्या लढाईतल्या विजयाचा दिवस. स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला.

नवख्याने सुरुवात मात्र डिसेंबर अखेरीस करावी असं माझं मत आहे. स्पेनमध्ये २२ डिसेंबर ते ६ जानेवारी या पंधरवड्यात एकामागून एक असे पाच-सहा प्रसंग येतात आणि प्रत्येकाला स्वतःचा खेळ आहे. एकाचे शब्द दुसऱ्यात पुन्हा येतात, त्यामुळे मुद्दाम उजळणी घ्यावी लागत नाही. खरी तारीख पाळायलाच हवी असंही नाही. जूनमध्येही कागदी मुकुट घालता येतो. मुलं पंचांग तपासत नाहीत.

यातले बरेच सण ख्रिस्ती परंपरेतून आलेले आहेत. तुमच्या घरी ती परंपरा नसेल तर ‘तिकडची मुलं या दिवशी असं करतात’ एवढं सांगून खेळ सुरू करा.

तीन राजांचा दिवस

एकच सण करणार असाल तर हा करा. ५ जानेवारीच्या रात्री मेल्चोर, गास्पार आणि बाल्तासार हे तीन राजे उंटांवरून येऊन मुलांसाठी भेटी ठेवून जातात आणि ६ तारखेला सकाळी त्या सापडतात अशी कल्पना. स्पेनच्या शहरांतून ५ तारखेच्या संध्याकाळी त्यांची मिरवणूक निघते. मुलं आधी राजांना पत्र लिहितात, रात्री बूट मांडून ठेवतात, उंटांसाठी पाणी ठेवतात. पोर्तो रिकोत तर उंटांना म्हणून खोक्यात गवत भरून ठेवायची रीत आहे. पत्र, बूट, उंट, मुकुट, तारा, भेट : सगळ्या हाताळता येण्यासारख्या वस्तू. कार्ता, सापातो, कामेयो, कोरोना, एस्त्रेया, रेगालो. (‘कोरोना’ ऐकून मोठी माणसं दचकतात. इथे तो फक्त मुकुट.)

चार वाक्यं अशी घ्या : ‘किएरो…’ म्हणजे मला हवं आहे, ‘दोन्दे एस्ता…?’ म्हणजे कुठे आहे, ‘आकी एस्ता!’ म्हणजे हे बघ इथे, आणि ‘ग्रासिआस’.

आधी पत्र. लिहिता न येणाऱ्या मुलाने चित्रं काढावीत किंवा चिकटवावीत आणि प्रत्येक चित्रावर बोट ठेवून ‘किएरो’ म्हणावं. पत्राची सुरुवात तुम्ही लिहा : ‘केरिदोस रेयेस मागोस’, म्हणजे प्रिय राजांनो. वस्तूचं स्पॅनिश नाव माहीत नसेल तर मूल मराठीतच म्हणेल. ‘किएरो सायकल’ हे पहिल्या आठवड्यासाठी उत्तम वाक्य आहे. दुसऱ्या दिवशी तुम्ही ‘बिसिक्लेता’ शोधून ठेवा.

मग बूट लपवायचा. हा खेळ जगभर आहे, फक्त स्पॅनिश मुलं तो तापमानात खेळतात. शोधणारा लांब असला की ‘फ्रीओ, फ्रीओ’, म्हणजे थंड. जवळ आला की ‘कालिएन्ते’, गरम. अगदी शेजारी पोचला की ‘ते केमास!’, म्हणजे भाजशील! शोधताना सगळ्यांनी मिळून विचारायचं, ‘दोन्दे एस्ता एल सापातो?’ आणि सापडल्यावर शोधणाऱ्याने ओरडायचं, ‘आकी एस्ता!’ दुसऱ्या फेरीत बुटाऐवजी मुकुट : ‘दोन्दे एस्ता ला कोरोना?’ तिसऱ्या फेरीत उंट. वाक्य तेच, शेवटचा शब्द तेवढा बदलतो. आवाजही बदलायला सांगा, ‘फ्रीओ’ कुडकुडत आणि ‘ते केमास’ किंचाळून. शब्दाचा अर्थ मग वेगळा सांगावा लागत नाही.

नाम नेहमी ‘एल’ किंवा ‘ला’ लावूनच म्हणा. नुसतं ‘सापातो’ शिकवू नका. खुर्ची ती आणि पंखा तो हे मराठी मुलाच्या अंगवळणी पडलेलं असतं, त्यामुळे वस्तूला लिंग असण्याचं त्याला नवल वाटत नाही. स्पॅनिशमध्ये लिंगं दोनच. फक्त मराठीतलं लिंग तिकडे नेऊ नका : आपला तारा पुल्लिंगी, त्यांची ‘ला एस्त्रेया’ स्त्रीलिंगी.

तिसरा खेळ या दिवशीच्या गोल पावावरून घेतलेला. स्पेनमधल्या ‘रोस्कोन’मध्ये एक छोटी मूर्ती आणि एक वाल दडवतात. मूर्ती सापडेल त्याच्या डोक्यावर कागदी मुकुट, वाल सापडेल त्याने पावाचे पैसे द्यायचे. मेक्सिकोत मूर्ती मिळणाऱ्याने २ फेब्रुवारीला सगळ्यांना तामालेस, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले पदार्थ, खाऊ घालायचे असतात. लहान मुलांच्या खाण्यात काही दडवणं धोक्याचं, म्हणून कागदी पेले उपडे करून गोलाकार मांडा आणि एकाखाली मूर्ती ठेवा. ‘किएन तिएने ला फिगुरा?’, मूर्ती कुणाकडे आहे? प्रत्येकाने पेला उचलून ‘यो नो’ म्हणायचं, ज्याला मिळेल त्याने ‘यो सी!’ आणि मुकुट घालायचा. पाच मुलं असतील तर एका फेरीत चारदा ‘यो नो’ होतं. पहिल्या दिवशी गप्प असलेलं मूलही इथे बोलतं, कारण न बोलता पाळी पुढे सरकत नाही.

लोतेरिआ : वर्षभर पुरणारी पेटी

मेक्सिकोतला हा चित्रांचा खेळ जत्रेत, सणात, घरच्या समारंभात सगळीकडे खेळतात. आज सर्वांत ओळखीचा असलेला संच १८८७ पासून छापला जातोय. चोपन्न पत्ते, प्रत्येकावर एक चित्र आणि त्याचं नाव. एक नंबरला ‘एल गायो’, म्हणजे कोंबडा. खेळणाऱ्याच्या हातात चार बाय चार चित्रांचा तक्ता, ज्याला ‘ताब्ला’ म्हणतात. पुकारणारा, म्हणजे ‘ग्रितोन’, पत्ता उचलून नाव ओरडतो; आपल्या ताब्लावर ते चित्र असेल तर त्यावर कडधान्याचा दाणा ठेवायचा. ओळ पूर्ण झाली की ‘लोतेरिआ!’

मूळ संच लहान मुलांसाठी जसाच्या तसा वापरू नका. त्यात दारुडा, मृत्यू, सैतान आहेत आणि वंशावरून माणसं रंगवणारी एक-दोन जुनी चित्रंही आहेत. ती बाजूला काढली तरी सूर्य, चंद्र, तारा, बेडूक, कलिंगड, हात, झाड, मासा असे भरपूर पत्ते उरतात : एल सोल, ला लूना, ला एस्त्रेया, ला राना, ला सान्दिआ, ला मानो, एल आर्बोल, एल पेस्कादो. याहून बरं म्हणजे स्वतःचा संच करा. सुरुवातीला नऊ चित्रं आणि तीन बाय तीनचा ताब्ला पुरतो. चित्रं मुलांकडून काढून घ्या. दाणे मोठे घ्या आणि अगदी लहान मूल सोबत असेल तर दाण्यांऐवजी कागदाचे गोळे.

या खेळात एक वाक्य जरूर घाला. पत्ता पुकारला की चित्र असणाऱ्याने म्हणायचं ‘लो तेन्गो!’, म्हणजे माझ्याकडे आहे. पण पुकारलेला शब्द ‘ला’चा असेल तर ‘ला तेन्गो!’ ‘एल गायो!’ ‘लो तेन्गो!’ ‘ला लूना!’ ‘ला तेन्गो!’ मोठ्यांच्या वर्गात कर्माचं सर्वनाम शिकवायला एक अख्खा तास जातो. इथे पाच वर्षांचं मूल ते कानाने पकडतं आणि चुकलं तर दुसरं मूल दुरुस्त करतं. तुम्ही नियम सांगू नका, फक्त स्वतः बरोबर म्हणत राहा.

घरात मोठं भावंड असेल तर त्याला ग्रितोन करा. मोठ्याला वाचनाचा सराव, धाकट्याला ऐकण्याचा, आणि तुम्ही थोडा वेळ बसू शकता.

सणाप्रमाणे पेटीत पत्ते वाढवत जा. तीन राजांचे सहा, कार्नाबालचे चार, नोव्हेंबरचे सहा. वर्षाअखेरीस संच तुमच्या घरचाच तयार होतो.

बाकीचे प्रसंग, थोडक्यात

२२ डिसेंबरला स्पेनमध्ये नाताळची लॉटरी निघते आणि माद्रिदच्या सान इल्देफोन्सो शाळेची मुलं आकडे आणि बक्षिसं गाऊन दाखवतात. त्यात तासन्‌तास एकच चाल ऐकू येते : एक मूल आकडा गातं, दुसरं ‘मिल एउरोस’, म्हणजे एक हजार युरो. घरी एका भांड्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात बक्षिसांची चित्रं. दोन मुलं समोरासमोर उभी राहून गातात. आकडे शिकवायला याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

२८ डिसेंबर हा थट्टेचा दिवस. कागदाचा माणूस कापून कुणाच्या नकळत पाठीवर चिकटवायचा आणि कळलं की ‘इनोसेन्ते!’ ओरडायचं. कापताना शरीराच्या अवयवांची नावं घ्या : ला काबेसा, लोस ब्रासोस, लास पिएर्नास.

३१ डिसेंबरच्या मध्यरात्री स्पेनमध्ये घड्याळाच्या बारा ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं खातात. माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातल्या घड्याळाचे ठोके सगळा देश ऐकतो. मुलांबरोबर हा खेळ संध्याकाळी सहा वाजता करा : भांडं वाजवा आणि ‘ऊना, दोस, त्रेस’ असं ‘दोसे’पर्यंत मोजा. द्राक्ष स्त्रीलिंगी, म्हणून ‘ऊनो’ऐवजी ‘ऊना’. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष देऊ नका, घशात अडकतं. उभे चार तुकडे करा आणि ठोके सावकाश पाडा. किंवा द्राक्षांऐवजी जांभळे कागदी गोळे टोपलीत टाका.

मेक्सिकोतल्या ‘पोसादा’ १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ रात्री चालतात. येशूचे आईवडील मारिया आणि होसे यांनी राहायला जागा शोधली, त्याचं हे नाट्य. निम्मी मंडळी दाराबाहेर, निम्मी आत. घरातल्या प्रत्येक खोलीचं दार वापरा. टकटक. आतून ‘किएन एस?’, कोण आहे? बाहेरून ‘आइ पोसादा?’, जागा आहे का? आतून ‘नो आइ!’ असं दोन-तीन दारांवर झालं की शेवटच्या दाराशी ‘सी, पासेन!’, हो, आत या. नकार द्यायची संधी मुलांना इतकी आवडते की आतल्या बाजूला जाण्यासाठी भांडणं होतात. बाजू बदलायला ‘ते तोका’ आहेच. शेवटी खाऊ भरलेली, टांगलेली पिन्याता फोडतात. तिचा जुना आकार सात टोकांच्या ताऱ्याचा. डोळे बांधून काठी फिरवण्याऐवजी लहानांसाठी खाली दोऱ्या लोंबणारी पिन्याता करा, एकच दोरी खरी. ‘दोरी ओढ’च्या जागी रंग पुकारा : ला रोखा, ला बेर्दे, ला आसुल.

नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेचा मेक्सिकोतला मृतांचा दिवस सर्वांना आकर्षक वाटतो, आणि सुंदर आहेच. युनेस्कोच्या वारसा यादीत तो २००८ पासून आहे. पण सुरुवात त्याने करू नका. रंगीत कवट्या पाहिल्यावर मुलाचा पहिला प्रश्न ‘कोण मेलं?’ असा येतो, आणि त्याचं उत्तर घरच्या भाषेत, सावकाश द्यावं लागतं. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर काय करायचं ते तुम्हीच ठरवा. करणार असाल तर हा हॅलोवीन नव्हे, घाबरवणं यात नाही, हे स्वतःला आधी स्पष्ट असू द्या. गेलेल्यांच्या आठवणीत ‘ओफ्रेन्दा’ मांडतात : फोटो, मेणबत्ती, झेंडूची फुलं, कातरकामाचे कागदी पडदे. इथे खेळ मांडण्याचा : ‘पोन ला फ्लोर’, फूल ठेव, ‘पोन ला बेला’, मेणबत्ती ठेव. मग ‘आरिबा’, वर, ‘आबाखो’, खाली. सगळे मिळून कातरकामाचे पडदे केलेत तर सहज अर्धा तास जातो आणि रंगांची नावं दहादा येतात.

पाचवी पायरी : आता पुस्तक

खेळातले शब्द कानात बसले की पुस्तक उघडा. उलट क्रमाने गेलात तर पानावरचं प्रत्येक वाक्य मराठीत समजावत बसाल आणि गोष्ट तिथेच मरते.

निवडताना तीन पानं मोठ्याने वाचून पाहा. एका पानावर एक-दोन वाक्यं असावीत, त्यातलं एक दर पानावर परत यावं आणि चित्रावरून गोष्ट कळावी. उघडझाप करायच्या खिडक्या असलेली पुस्तकं ‘दोन्दे एस्ता’साठी अचूक बसतात. भाषांतरित यमकाच्या पुस्तकांबद्दल जरा साशंक राहा : यमक जुळवण्यासाठी अवघड शब्द आलेले असतात. मूळ स्पॅनिशमध्ये लिहिलेलं साधं पुस्तक बरं.

दोन भाषांत छापलेली पुस्तकं सोयीची वाटतात. त्यातली अडचण मुलाची नसते, कारण त्याला अजून वाचता येत नाही. नजर घसरते ती मोठ्या माणसाची, ओळखीच्या भाषेकडे. तसं पुस्तक हाती असेल तर दुसरी भाषा कागदाच्या पट्टीने झाका.

खेळात सगळं वर्तमानकाळात असतं आणि गोष्टी भूतकाळात लिहिलेल्या असतात. ‘दिखो’, म्हणजे म्हणाला किंवा म्हणाली, हा शब्द पानोपानी भेटेल. ‘येगो’, आला किंवा आली, हाही. हे दोन आधीच ओळखीचे करून ठेवा. स्पॅनिश छपाईची एक गोष्ट वाचून दाखवणाऱ्याच्या फायद्याची आहे : प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह वाक्याच्या सुरुवातीलाही उलटं छापतात, त्यामुळे आवाज कुठून चढवायचा ते तोंड उघडण्याआधी कळतं. संवादाची सुरुवात बहुधा आडव्या रेघेने होते, अवतरणचिन्हाने नव्हे.

एकच पुस्तक आठवडाभर पुरवा. पहिल्या दिवशी वाचायचं नाही, नुसती चित्रं पाहायची आणि ओळखीच्या वस्तूंवर बोट ठेवायचं. दुसऱ्या दिवशी न थांबता, अभिनयासह सलग वाचा. मध्ये अर्थ विचारू नका. तिसऱ्या दिवशी परत येणाऱ्या वाक्याच्या शेवटच्या शब्दाआधी थांबा आणि मुलाकडे बघा. शब्द आला तर छान, नाही आला तर स्वतः म्हणून पुढे चला. चौथ्या दिवशी मुद्दाम चुकीचं वाचा. सूर्यावर बोट ठेवून ‘ला लूना’ म्हणा. मूल ‘नो!’ ओरडून बरोबर शब्द सांगेल आणि तुमची चूक पकडल्याचा आनंद दिवसभर मिरवेल.

आणि एक पुस्तक स्वतः करा. एका कागदाची घडी घालून आठ पानं होतात. ‘दोन्दे एस्ता एल कामेयो?’ हा प्रश्न, मग चार-पाच पानांवर टेबलाखाली, दारामागे, पलंगावर ‘नो एस्ता आकी’, आणि शेवटच्या पानावर ‘आकी एस्ता!’ चित्रं मुलाची, अक्षर तुमचं. हे पुस्तक विकतच्या पुस्तकापेक्षा जास्त वेळा वाचलं जाईल.

आठवडा कसा लावायचा

रोज दहा-पंधरा मिनिटं, शक्यतो एकाच वेळी. सोमवारी नवे शब्द वस्तू हातात घेऊन, मंगळवार ते गुरुवार एकच खेळ, फक्त वस्तू बदलून, शुक्रवारपासून पुस्तक. मूल ‘ओत्रा बेस’ म्हणत असतानाच थांबा, कंटाळल्यावर नाही. मूळ भाषिकांच्या आवाजातली गाणी किंवा गोष्ट दिवसातून एकदा कानावर पडू द्या. तुमच्या उच्चारात राहिलेली कसर तिथे भरून निघते. पण पडद्यासमोर एकटं बसवून ते काम होत नाही, शेजारी बसून तुम्हीही म्हणायला हवं.

जिथे लोक अडतात

मूल बोलतच नाही. आठवडेच काय, काही महिनेही असं होऊ शकतं. ते सांगितलेली वस्तू आणत असेल, बरोबर चित्रावर दाणा ठेवत असेल, तर शिकणं चालू आहे. ‘म्हण ना’ असा तगादा लावलात की खेळ संपतो आणि शाळा सुरू होते.

मूल मराठीत उत्तर देतं. देऊ द्या. ‘दोन्दे एस्ता ला कोरोना?’ला ‘उशीखाली!’ असं उत्तर आलं म्हणजे प्रश्न समजला. तुम्ही आनंदाने ‘आकी एस्ता!’ म्हणा आणि पुढची फेरी सुरू करा.

मूल चुकतं. ‘एल एस्त्रेया’ म्हटलं तर ‘सी, ला एस्त्रेया!’ असं सहज परत म्हणा. ‘चूक’ हा शब्द वापरू नका आणि बरोबर वाक्य पुन्हा म्हणून घेऊ नका.

सण संपल्यावर भाषाही गुंडाळली जाते. म्हणून नव्या सणात जुनी दोन वाक्यं ठेवायची आणि नवी दोन घालायची. कार्नाबालच्या मुखवट्याला जानेवारीतलं ‘दोन्दे एस्ता’ चालतं, आणि पोसादातलं ‘किएन एस?’ही. ‘मे तोका’ तर सापशिडीपासून झोक्यापर्यंत कुठेही म्हणता येतं.

राहता राहिला घरी येणाऱ्यांसमोर स्पॅनिश बोलून दाखवण्याचा हट्ट. तो धरू नका. पाहुण्यांच्या हातात एक ताब्ला आणि मूठभर दाणे द्या आणि मुलाला ग्रितोन करा.